सुपडूभाऊंचा पहारा

सुपडूभाऊंचा विश्वास कशावरच नव्हता. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये पंचवीस वर्षं कापडाचा रंग पक्का की कच्चा हे बघण्यात गेली, त्यामुळे असेल. पण माणूसही पाण्यात बुडवून बघावा असं त्यांना वाटे. अशा बापाची मुलगी सोनाली ख्रिस्ती कॉलेजात बी.एड. करू लागली. सहावी-सातवीला मराठी शिकवायची तिची हौस. दुसरीकडे नंबर लागला नाही, म्हणून भाऊंनी होकार दिला, पण बजावून, "काही वाकडं दिसनं, तर त्याच दिन कॉलेज बंद!"

मग सुरू झाला पहारा. पोरगी आंघोळीला गेली की भाऊ तिची पर्स चाचपत. क्रूस सापडला नाही. वह्या चाळल्या, त्यात नुसती क्रियापदं. पण काहीतरी बदललं होतं खास. घरात 'माय' म्हणणारी पोर आता 'आई' म्हणे. जेवायच्या आधी डोळे मिटून पुटपुटे.

"काय बोलस वं?" भाऊंनी एकदा दरडावलं.

"उद्याचा सरावपाठ आहे, बाबा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं पहारेकऱ्याच्याच मनात होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ मिलमधून अर्धी सुट्टी घेऊन ती शिकवत होती त्या मराठी शाळेत गेले आणि वर्गाच्या खिडकीशी उभे राहिले. मागच्या बाकावर कॉलेजच्या सिस्टर वही घेऊन बसल्या होत्या. भाऊंनी नजर रोखली ती त्यांच्यावरच.

सोनाली छान शिकवत होती. तिनं एका मुलीला कवितेचा अर्थ विचारला. मुलगी उठली. "बाई, माले नई येस."

वर्ग खो खो हसला. आणि सोनालीही हसली. "असं गावठी नाही बोलायचं. 'मला येत नाही' म्हण."

सिस्टर हसल्या नव्हत्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. भाऊंचे कान तापले. वर्गातली ती मुलगी बोलली तेच शब्द त्यांची आई बोलत मेली होती.

तास संपला. सिस्टर बाहेर आल्या, मागोमाग सोनाली. "आपण कोण? कोणाला शोधताय?" सिस्टरनी स्वच्छ मराठीत विचारलं.

भाऊंनी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती डोळ्यांनी विनवत होती, आणि कशासाठी ते भाऊंना लगेच कळलं. तोंड उघडलं तर अहिराणीच बाहेर येणार होती.

"कुछ नहीं, बहनजी," भाऊ म्हणाले. "ऐसे ही, स्कूल देख रहा था." आणि मागं वळून न बघता फाटकाबाहेर पडले. जन्मात इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

घरी सोनालीची आई, मालतीबाई, दारातच वाट बघत होत्या. "काय व्हयनं? बाटनी का पोर?"

"नई," भाऊ म्हणाले. चपला काढायला त्यांनी बराच वेळ लावला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तिला कॉलेजला जाऊ दे. आणि तू... तू तिच्याशी नीट मराठीत बोलत जा."

मालतीबाईंनी नवऱ्याला खालून वर न्याहाळलं.

"तुमले काय व्हयनं?"