जागा राखणाऱ्या नलूमावशी

नलूमावशी कुठल्याही ऑफिसात शिरल्या की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "आज कोण न्हाई?"

नमस्कार नाही, कसे आहात नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला, मालकाला, जो समोर येईल त्याला. लोक गोंधळायचे. कुणी म्हणायचं, स्टीव्ह आजारी आहे, कुणी म्हणायचं, प्रिया इंडियाला गेलीय. मग मावशींचा दुसरा प्रश्न: "मग त्याचं काम कोण बघतंय? आणि तो आल्यावर बसणार कुठं?" इतकं झालं की त्या स्वतःच एखादी खुर्ची ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, "सांगा आता."

ही बाई साताऱ्याकडची. चाळीसएक वर्षांपूर्वी नर्स म्हणून व्हर्जिनियात आली, हर्नडनला घर केलं, हॉस्पिटलातून रिटायर झाली आणि मग घरी बसवेना म्हणून एका स्वयंसेवी समितीत शिरली. समितीचं काम असं: इथे अमेरिकेत नोकरी करणारी बरीच माणसं सैन्याच्या राखीव दलातही असतात. महिन्यातून एक शनिवार-रविवार सराव, उन्हाळ्यात दोन आठवडे, आणि बोलावणं आलं तर वर्ष-वर्षभर बाहेर. त्यांची नोकरी राखून ठेवणं मालकाला कायद्याने भाग आहे. पण कायदा कागदावर असतो आणि मालक माणूस असतो. या दोघांच्या मध्ये नलूमावशी आपले पांढरे नर्सचे बूट घालून, साडी जरा वर खोचून उभ्या असायच्या. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांना न भेटलेल्या लोकांना त्या कळाव्यात म्हणून हे लिहितोय, आणि त्यात माझी चांगलीच शोभा होणार आहे हे मला माहीत आहे.

माझी हर्नडनला छोटी आयटी कंपनी आहे. तेव्हा आम्ही अकरा जण होतो. त्यातली एक अदिती. तिचे आईवडील आमच्या महाराष्ट्र मंडळातले, त्यामुळे ती मला ऑफिसात 'श्रीकांत' म्हणायची आणि मंडळात 'काका'. इथेच जन्मलेली, हुशार, कामाला वाघ. अ‍ॅशबर्नमधल्या एका डेटा सेंटरचं आमचं सगळ्यात मोठं काम तिच्या जिवावर चालायचं. ती राखीव दलात आहे हे मला ठाऊक होतं, म्हणजे सोमवारी कधी कधी उन्हाने रापून यायची एवढंच. एके दिवशी ती माझ्या केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "श्रीकांत, आय गॉट माय ऑर्डर्स. दहा महिने. महिन्याभरात निघायचंय."

आता मी पडलो पुण्याचा. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आपल्या ऑफिसातली मुलगी देशासाठी निघालीय, तिचा यथोचित सन्मान झालाच पाहिजे. पुढच्या शुक्रवारी मी जंगी कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, पेढे, केक. मी वीस मिनिटं भाषण केलं. "जिथे जाशील तिथे यश मिळव, या ऑफिसला विसरू नकोस," वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग, काम पद्धतशीर व्हावं म्हणून, तिचा लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून घेतलं. डेटा सेंटरच्या मॅनेजरला, डगला, मेल पाठवली की अदितीच्या जागी लवकरच नवीन कायमचा माणूस देतो. जाहिरातही टाकली. अदिती शाल खांद्यावर तशीच ठेवून गाडीत बसली. मला वाटलं, भारावलीय.

सोमवारी सकाळी नलूमावशी आल्या. मंडळात मी त्यांना लांबून पाहिलेलं होतं, पण बोलणं कधी झालं नव्हतं. दारातच, "आज कोण न्हाई?"

"सगळे आहेत, मावशी. म्हणजे अदिती नाही, पण ती आता..."

"आता काय?"

"तिला निरोप दिला ना शुक्रवारी."

त्या खाली बसल्या. पर्स मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "निरोप? का? लग्न करून सासरी निघाली काय? अजून तीन आठवडे हाय ती इथं. आणि दहा महिन्यांनी परत येणार हाय. पोर तीन दिवस रडतीय घरी. म्हणती, मला काढून टाकलं."

"काढून? अहो मावशी, मी सन्मान केला तिचा!"

"शाल घालून हाकललंस की रं पोरीला! सन्मान केलास आणि लॅपटॉप काढून घेतलास!"

आमच्या काचेच्या केबिनमधून आवाज बाहेर जातो. बाहेर नऊ जण मान खाली घालून टाइप करत होते, आणि त्यातल्या निम्म्यांचे खांदे हलत होते. मला असा राग आला! मी चिडका आहे, हे माझी बायको कुणालाही सांगेल. मी तावातावाने सुरू केलं की, माझी कंपनी छोटी आहे, डग ऐकणार नाही, काम गेलं तर दहा जणांचं काय, मला देशप्रेम शिकवू नका. मावशींनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, समजूत घालतायत. पण त्या घड्याळ बघत होत्या.

"नाडी पळतीय तुझी," त्या म्हणाल्या. "भ्यालास. रागावलेल्याची नाडी येगळी असते. मग भ्यालो म्हण की सरळ. भ्यालेल्या माणसाचं काम करता येतं, रागावलेल्याचं न्हाई."

खरं सांगतो, मी भ्यालोच होतो. डगचं काम म्हणजे आमच्या कंपनीचा कणा. ते राहिलं पाहिजे आणि अदितीची नोकरीही राहिली पाहिजे, हे दोन्ही एकदम कसं जमायचं ते मला दिसत नव्हतं. कायद्याने तिला घ्यावं लागेल हे मावशींनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यावर तिसरं वाक्य वाया घालवलं नाही. "वकिलाचं काम मला येत न्हाई. चल, त्या डगला भेटू."

मी रात्रभर जागून देशभक्तीवर बावीस स्लाइड्स केल्या. झेंडा, गरुड, सगळं. गाडीत मावशींना दाखवल्या तर त्यांनी तोंडाला पदर लावला. "आरं, हे काय तुझं स्नेहसंमेलन हाय? त्याचा देश हाय तो, त्याला तू गरुड दाखवणार? त्याला नुसतं विचार, भीती कसली वाटती."

अ‍ॅशबर्नला डगच्या ऑफिसात मी विचारलं. डग भला माणूस. म्हणाला, "सैनिकांबद्दल मला आदरच आहे. पण आमची यंत्रणा बंद पडली तर आज अदिती फोन उचलते. उद्या कोण उचलणार? मला फक्त तेवढं नाव हवंय."

मी 'बघतो, कळवतो' म्हणायला तोंड उघडलं, तोवर मावशींचं बोट माझ्याकडे गेलं होतं. "हा. हा माणूस उचलेल. मालक आहे तो. याच्यापेक्षा जास्त काळजी कुणाला?" त्यांनी हे इंग्लिशमध्ये, नर्सच्या त्या ठाम आवाजात सांगितलं. डग माझ्याकडे बघून हसायला लागला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बारा वर्षांत कोडची एक ओळ लिहिली नव्हती! पण डगने हात पुढे केला, म्हणाला, तीन महिने बघू, आणि माझा हात आपोआप पुढे गेला.

ऑफिसात परत येऊन मी अदितीला फोन केला. माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती फार लांबली. ती म्हणाली, "काका, इट्स ओके. पण तो लॅपटॉप परत द्या, तुम्हाला शिकवायचंय ना."

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे. सकाळी साडेसातला अदिती येऊन बसायची आणि मी शेजारी वही घेऊन. ती मला 'अलर्ट कसा वाचायचा' शिकवायची, मी चुकायचो, ती कपाळाला हात लावायची. "नो नो नो, काका, ते बटन नाही!" बाकीचे मुद्दाम कॉफी घेऊन मागे उभे राहायचे. मावशी गुरुवारी डोकावायच्या आणि विचारायच्या, "पास होईल काय हा?" अदिती म्हणायची, "ग्रेसचे मार्क लागतील." माझी परीक्षा झाली, मी पास झालो, आणि अदिती गेली. या वेळी शाल नाही, भाषण नाही. कुणीतरी म्हणालं, "सी यू इन द स्प्रिंग," बस्स.

दुसरी आघाडी मंडळाची. अदितीच्या आईला, सीमावहिनींना, लोक भेटले की विचारायचे, "का हो, चांगली नोकरी होती ना तिला? मग सैन्यात का?" जणू मुलीने काही गुन्हा केलाय. मंडळाच्या अध्यक्षांनी वहिनींचा स्टेजवर सत्कार करायचा घाट घातला, तर मावशींनी मीटिंगमध्येच उठून सांगितलं, "स्टेज नको. त्यांच्या ड्राइव्हवेतला बर्फ कोण काढणार ते सांगा. शनिवारी त्यांना फोन कोण करणार ते सांगा. नावं द्या, मी लिहून घेते." मग एकेक हात वर आला. त्या हिवाळ्यात वहिनींचा ड्राइव्हवे इतका स्वच्छ असायचा की शेजारची अमेरिकन बाई विचारायला आली, ही कुठली कंपनी लावलीय तुम्ही? आणि शनिवारचे फोन सुरू झाल्यावर तो 'का हो' वाला प्रश्न हळूहळू बंदच झाला. लोक विचारायला लागले, "अदिती कशी आहे? थंडी आहे का तिकडे?" वहिनी एकदा मला म्हणाल्या, "श्रीकांत, मला आता मंडळात यायला आवडतं." त्या हे सांगताना हसत होत्या.

मी फोन उचलत राहिलो. एकदा भलताच सर्व्हर बंद केला, डगने शांतपणे विचारलं, "श्रीकांत, हे मुद्दाम का?" पण तीन महिने संपले आणि त्याने विषय काढला नाही, मीही काढला नाही. सहाव्या महिन्यात मला ते काम आवडायला लागलं. बायको म्हणाली, तू हल्ली कमी चिडतोस.

अदिती परत यायच्या आदल्या आठवड्यात मी मावशींना मुद्दाम बोलावलं. मला शाबासकी हवी होती, दुसरं काय! तिचं टेबल मी जसंच्या तसं ठेवलं होतं. तोच कॉफीचा मग, तेच पेन, कॅलेंडरचं पानसुद्धा ती गेली त्या महिन्याचं. झाडाला मी स्वतः पाणी घालायचो. मावशींनी टेबलाभोवती एक फेरी मारली.

"देव्हारा केलायस की रं," त्या म्हणाल्या. "छान हाय. पण मला एक सांग. ती गेली नसती, तर आज कुठं बसली असती?"

मी खिडकीकडे बघितलं. कारण आठव्या महिन्यात आमचा टीम लीड दुसऱ्या गावी नोकरी धरून गेला होता. खिडकीजवळची ती जागा अजून रिकामी होती. सगळ्या ऑफिसला माहीत होतं की अदिती इथे असती तर दुसऱ्या दिवशी ती तिची झाली असती. मी मात्र एक तारखेपासून ऑफिसातल्याच समीरला लीड करायचं मनाशी ठरवलं होतं. "मावशी, ती दमूनभागून येणार. तिच्यावर लगेच ओझं नको म्हणून..."

"परत शाल," मावशी म्हणाल्या. त्यांनी माझं मनगटसुद्धा धरलं नाही. "पोर दहा महिने थांबली न्हवती, श्रीकांत. ती चालत होती. तू तिला हितंच उभी करून ठेवलीस." आणि पर्स उचलून निघून गेल्या. मी संध्याकाळी समीरला सांगितलं की लीडची जागा अदितीला देतोय. तो म्हणाला, "सर, मी विचारच करत होतो की तुम्ही तिला का नाही देत." म्हणजे मी सोडून सगळ्यांना कळत होतं.

सोमवारी अदिती आली. सरळ आपल्या जुन्या टेबलाकडे गेली. टेबल रिकामं. कॉफीचा मग नाही, पेन नाही, झाड नाही. ती उभी राहिली आणि तिचा चेहरा असा झाला, की तो मी त्या शालीच्या शुक्रवारी पाहिला होता आणि त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. मी धावलोच. "अगं, तिकडे! तिकडे बघ!" खिडकीजवळच्या टेबलावर तिचं झाड, तिचा मग, आणि पाटीवर नाव: अदिती, टीम लीड. ती जाऊन खुर्चीत बसली, खुर्ची जरा खाली केली, गेल्या वर्षीचं ते कॅलेंडर कचऱ्यात टाकलं. मग मान वर करून म्हणाली, "ओके. फर्स्ट डिसिजन. काका, यू आर ऑफ सपोर्ट. आजपासून तुम्ही कुठल्याही सर्व्हरला हात लावायचा नाही." सगळं ऑफिस उठून टाळ्या वाजवायला लागलं. मीही वाजवल्या, आणि मला रडू येत होतं म्हणून पार्किंगमध्ये गेलो.

तिथून मावशींना फोन लावला. म्हटलं, "मावशी, दिली. लीडची जागा दिली. बसली ती."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग त्या म्हणाल्या, "आमचे अण्णा साखर कारखान्यात कारकून होते, श्रीकांत. आन् राखीव फौजेत. लढाई लागली, बोलावणं आलं, गेले. दीड वर्षानं आले तर टेबलावर दुसराच माणूस. साहेबांनी उठून हात मिळवला, चहा पाजला, लढाईच्या गोष्टी ऐकल्या. काम तेवढं न्हाई दिलं. अण्णा नंतर बरीच वर्षं सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचे. कारखान्याचा दहाचा भोंगा झाला की आत यायचे."

ऑफिसचं दार उघडं होतं, आत कुणीतरी अदितीच्या नावाने ओरडत होतं, कसला तरी मोठा हशा पिकला होता, तो फोनमधून त्यांच्यापर्यंत गेला असावा.

"हसतंय कोण? ती व्हय?"

"तीच."

"मग झालं," नलूमावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "आज रुजू झाले बघ आमचे अण्णा."