मुठीचा तांदूळ

आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना होते, आणि शेवटी साक्ष देण्याची वेळ येते. प्रभूने ज्याला जे दिलं ते त्याने उठून सांगायचं. मी अजून एकदाही उठलेली नाही. चारचौघांत बोलणं मला जमत नाही. शिवाय माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी अजून ओळीवर बोट ठेवून वाचते आणि मनातली प्रार्थना इंग्रजीतच करते. म्हणून ही साक्ष लिहून देते आहे. हे घडलं त्या दिवसांत माझा प्रार्थनेवरचा भरवसा जवळजवळ संपला होता, हे आधीच सांगितलेलं बरं.

बाबा गेल्यावर आई पन्हाळ्याच्या पायथ्याशी आपल्या माहेरच्या गावी राहायला आली. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, म्हणून मीही आले. पावसाळ्यात आईच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. जखम भरली, टाके सुकले, पण अन्न जाईना. वरणभात समोर ठेवला की ती वाटीकडे बघत बसायची, एखादा घास तोंडात फिरवायची आणि मान वळवायची. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर पुन्हा बोलावलं होतं. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आईला ते कळलंच होतं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तशी नळी लावलेली तिने रोज पाहिली होती. ती मला एवढंच म्हणाली, "माझ्या नाकात नळी नको घालू देऊस." मी हो म्हटलं, पण ते माझ्या हातात कुठे होतं?

आमच्या मंडळीतल्या बायकांची एक जुनी रीत आहे. रोज भाताला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ देवाच्या नावाने वेगळ्या डब्यात टाकायची. महिनाअखेरीच्या शनिवारी मंडळीतली एक बाई पिशवी घेऊन घरोघर जाते, सगळे डबे त्या पिशवीत रिकामे होतात, आणि तो तांदूळ ज्या घरी आजारपण किंवा अडचण असेल तिथे पोचतो. बरीच वर्षं ही फेरी आईची होती. अंथरुणावर पडल्यापासून तिला सगळ्यात जास्त रुखरुख याचीच लागली होती. म्हणून तिच्या जागी मी जाऊ लागले.

जाताना मला ओझं वाटायचं, पण खरं सांगायचं तर दोन घरं झाली की कुतूहल वाटायला लागायचं. प्रत्येक घराचा तांदूळ वेगळा. कुणाचा बारीक कोलम, कुणाचा रेशनचा जाडा, कुणाच्या स्वतःच्या वाफ्यातली इंद्रायणी. एका घरचा तांदूळ तर पिशवीत पडतानाच असा दरवळायचा की मी तोंड खाली नेऊन वास घ्यायची. हे सगळं एकाच पिशवीत मिसळायचं. हा मिसळलेला तांदूळ शिजतो तरी कसा, असा प्रश्न मला पडायचा, पण विचारायचं धाडस नव्हतं. बायका दारात थांबवून आईची चौकशी करायच्या. मी "बरी आहे" म्हणायची आणि पिशवीचं तोंड आवळून पुढच्या दाराकडे वळायची. आमच्या घरातलं दुःख बाहेर न्यायचं नाही, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. देवाशीसुद्धा मी ऑफिसच्या मेलसारखं बोलायची. काय हवं, कधीपर्यंत हवं, आणि का हवं, हे मुद्देसूद मांडायची. उत्तर येत नव्हतं.

दिवाळीनंतर हंगामाचा सण आला. त्या रविवारी वेदीपुढे ऊस, भोपळे, केळीचे घड आणि नव्या भाताच्या लोंब्या मांडतात, उपकारस्तुती होते आणि मग मंडळी एकत्र प्रीतिभोजन करते. दरवर्षी या जेवणाचा तांदूळ विकत आणतात. यंदा स्वयंपाकाची जबाबदारी असलेल्या शांतवनमामांच्या मनात आलं, की देवाच्या नावाने काढलेला तांदूळ घरात असताना दुकानात कशाला जायचं? मुठीचा तांदूळच सगळ्यांनी मिळून खाऊ. बायकांनी सांगून पाहिलं, की घरातल्या पातेल्यात पाण्याचा अंदाज घेत तो कसाबसा जमतो, पण एवढ्या मोठ्या हंड्यात जमायचा नाही, त्यातून या महिन्यात नवा तांदूळ जुन्यात पडलाय. मामांनी ऐकलं नाही. देवाचा तांदूळ बिघडेलच कसा, असं त्यांचं म्हणणं. पिशवी मीच त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी आधी डोळे मिटून प्रार्थना केली होती.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला चर्चच्या मागच्या चुलवणावर मिळालं. नवा तांदूळ विरघळून चिकट झाला होता आणि त्यात जाडे दाणे कच्चे, टचटचीत राहिले होते. मामा उलथनं घेऊन हंड्याकडे बघत उभे होते. सुशीलामावशी, ज्यांच्या घरचा तो सुवासिक तांदूळ, त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "शांतवनदाजी, ही खळ कुठल्या पोस्टरला लावायची?" मामा तितक्याच शांतपणे म्हणाले, "पोटाला लावा की." सगळे हसले. कुणीतरी भाकरी आणायला घरी पळालं, आणि हंडा गुरांना घालायचं जवळपास ठरलं.

तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. साठीच्या असतील. अंगावर जाड काठाचं इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचं पुसट बोट. सीमाभागाकडच्या असाव्यात, बोलण्यात कानडी सूर होता. सणाला कुणा ना कुणाकडे पाहुणे असतातच, त्यामुळे त्या कोण हे कुणी विचारलं नाही. सगळे त्यांना अक्का म्हणू लागले आणि त्या सांगतील तसं करू लागले. "टाकू नगा," त्या म्हणाल्या, "कडकडीत पाणी आणा." हंड्यात पाणी ओतून त्यांनी तो भात मंद आचेवर बराच वेळ ढवळला, पळीच्या पाठीने रगडला. कच्चे दाणे फुलले, चिकटपणा सुटला आणि दाट, पांढरीशुभ्र पेज झाली. मग ताक, मीठ आणि जिऱ्या-लसणाची फोडणी. मी बाजूला उभी राहून सगळं बघत होते. फोडणी पडायच्या आधी त्यांनी पेजेतली थोडी एका स्टीलच्या डब्यात काढली, चिमूटभर मीठ टाकलं आणि मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं.

"तंगी, तुज्या घरात कोण जेवंना?"

धाकट्या बहिणीला त्यांच्याकडे तंगी म्हणतात. त्यांनी मलाच का विचारलं, हे मला आजही माहीत नाही. त्याहून मोठं नवल म्हणजे मी उत्तर दिलं. इतके दिवस ओळखीच्या प्रत्येक दारात जे सांगितलं नव्हतं, ते या अनोळखी बाईंना एका शब्दात सांगितलं: "आई."

त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला. "जेव म्हणू नगंस तिला. मीठ बरोबर हाय का, एवढं बघाय सांग."

मी जेवायला न थांबता घरी गेले. आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. तिला टेकून बसवलं, चमचा पुढे केला आणि सांगितल्याप्रमाणे विचारलं, मीठ बरोबर आहे का बघ. आईने जिभेवर घेतलं. तिच्या कपाळावर ती ओळखीची बारीक आठी आली, स्वयंपाकघरात उभी असताना यायची तशी. तिने आणखी एक चमचा मागितला, कारण एकावर नीट कळेना. मग म्हणाली, "नवा-जुना एकत्र शिजवलाय. कुणाचं हे डोकं?" मी मामांचं नाव सांगितलं. खळ आणि पोस्टर सांगितलं, मामांचं उत्तर सांगितलं. आई दोन्ही हातांनी पोट धरून हसली, टाक्यांच्या भीतीने. पुढे काय झालं, पुढे काय झालं, असं ती विचारत राहिली, आणि मी चमचा भरत राहिले तशी घेत राहिली. डब्याचा तळ दिसला तेव्हा तो आम्हा दोघींच्याही लक्षात आला. ती घटका मला शब्दांत मांडता येत नाही. मी त्या वेळी काही मागत नव्हते. प्रार्थनाही करत नव्हते. तरी खोलीत आम्ही दोघीच नव्हतो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईनेच मला अक्का कुणाकडे उतरल्या आहेत ते शोधायला पाठवलं. डबा परत करायचा होता, आणि आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असतं, यावर काही नव्हतं. आमच्या चर्चच्या पाळकबाईंना वाटत होतं की त्या शांतवनमामांच्या पाहुण्या. मामांना वाटत होतं सुशीलामावशींच्या. मावशी म्हणाल्या, "आमच्या न्हाईत बाई. मला वाटलं तुझ्याच आईच्या कुणी असतील." कपाळावरची विभूती आठवून शेजारच्या लिंगायत घरांतही विचारलं. तिथे त्या दिवशी कुणी पाहुणं नव्हतं. कुणी म्हणालं, बसची वाट बघताना गर्दी बघून आत आल्या असतील. तसंही असेल. मी आणखी एक-दोन ठिकाणी विचारलं आणि मग विचारणं सोडलं. प्रभू कुणाच्या हातून काय पाठवतो, याचे नियम मला ठाऊक नाहीत, आणि ते ठाऊक असायलाच हवेत हा माझा हट्टही हळूहळू गळाला.

आई लगेच उठून बसली असं झालं नाही. पण रोज थोडी पेज जाऊ लागली, मग मऊ भात, मग भाकरीचा पापुद्रा. डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी तिने माझा हात घट्ट धरला होता. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं, कागद पाहिले आणि म्हणाले, नळीची गरज नाही, असंच खात राहा. बाहेर येऊन आई बाकावर बसली आणि आधी पदराने डोळे पुसले, मग चहा मागितला.

त्यानंतरच्या बुधवारची प्रार्थना आमच्या घरी ठेवा, असं मी पाळकबाईंना स्वतः जाऊन सांगितलं. आजारपण सुरू झाल्यापासून मी आमचं दार जवळजवळ बंदच ठेवलं होतं. त्या दिवशी बायका आल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. चहा मी करते म्हटलं तर मावशींनी मला हाताला धरून आईशेजारी बसवलं. "गप बस की घटकाभर. आमाला काय चूल दिसत न्हाय व्हय?" आतून डबे उघडल्याचे, सांडल्याचे, हसल्याचे आवाज येत होते. एरवी माझ्या कपाटाला कुणी हात लावला तरी मला चालत नाही. मी बसून राहिले. गाणं झालं, प्रार्थना झाली. आईसाठी देवाचे आभार मानताना मावशींचा आवाज भरून आला, तेव्हा मला कळलं की मी काहीही सांगितलं नव्हतं तरी या बाईने इतके दिवस तिच्यासाठी मागितलं होतं.

त्या गेल्यावर पाहिलं तर साखर डाळींच्या फळीवर गेली होती, चहाची पूड खिडकीत, आणि चाळणी तर सापडतच नव्हती. मी सगळं पूर्वीच्या जागी लावायला हात वर नेला, आणि थांबले. साखर अजून डाळींच्या फळीवरच आहे. तिथे ती बरी सापडते.