पहिल्या रांगेतला बोंडा

मला घटम् आवडत नाही, हे आधीच कबूल करतो. पुण्याहून नोकरीसाठी कानडी मुलखात, बनशंकरीत राहायला आलो, त्याच आठवड्यात छतातली टकटक ऐकून मी प्लंबर बोलावला होता. त्याने भिंतीला कान लावला, मान डोलावली आणि म्हणाला, "सर, पाइप तालात आहे."

वर अण्णा राहत. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच मराठी घर, बँकेतून निवृत्त, आणि रोज सकाळी दोन तास पोटाशी मडकं धरून बडवत. 'बडवत' हा माझा शब्द. त्यांच्या बायकोसमोर, म्हणजे अक्कांसमोर, मी 'साधना' म्हणायचो.

त्या वर्षी रामनवमीला चामराजपेटेतल्या मंडपात अण्णांना पहिल्यांदाच मोठ्या गवयाला साथ करायची होती. जिन्यात मला अडवून म्हणाले, "मध्ये आठ-दहा मिनिटं मला एकट्याला देणार आहेत. हात कापतो हो माझा. समोर ओळखीचं तोंड असलं की स्वल्प धीर येतो. पहिल्या रांगेत बसाल?"

"मी? अक्का असतील ना!"

"ती समोर दिसली की चुकतंच."

बसलो. दीड तासाने गवई थांबले, पाण्याचा घोट घेतला, आणि माझ्यामागची निम्मी माणसं उठून दाराकडे निघाली. नाट्यगृहात वाढलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? मध्यंतर! शेजारच्या आजोबांनाही म्हटलं, "चला, रांग वाढेल." तेही बिचारे आले.

बोंड्याचा पहिला घास घेतला, तर समोर अक्का. नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून मंडपामागे उभ्या होत्या.

"अय्यो! तुम्ही इथं काय करताय?"

"मध्यंतर झालं ना."

"मध्यंतर कुठलं! तनी सुरू झाली. गाणारे थांबले की वाजवणाऱ्यांची पाळी. आता ह्यांचंच येईल!"

"मग ही सगळी माणसं?"

"त्यांना खोडच आहे तनीत कॉफीला पळायची. तुम्हाला तर बसायलाच बोलावलं होतं!"

बोंडा झब्ब्याच्या खिशात कोंबून धावलो. मृदंग नुकता थांबला होता. अण्णा पहिल्या रांगेतल्या माझ्या रिकाम्या जागेकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात मडक्याच्या वरच अडकला होता. मी धपकन बसलो. त्यांनी मला पाहिलं, आणि तो हात मडक्यावर उतरला.

इथेच थांबायला हवं होतं. पण आणखी धीर द्यावा म्हणून मी मांडीवर ताल धरला, भजनातला, मला येणारा एकमेव. अण्णांनी माझ्या हाताकडे पाहिलं, दचकले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. ते शेवटपर्यंत उघडलेच नाहीत.

आवाज मला मडक्याचाच वाटला. पण बोटं दिसत नव्हती, इतकी भरभर चालत होती, आणि एकही चुकत नव्हतं. रोजचे ते दोन तास कुठे जातात, ते पहिल्यांदा कळलं. खिशातलं तेल मांडीपर्यंत पोचलं, तरी मी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा जिन्यात भेटले. "कसं झालं?" मागून अक्का मला 'छान म्हणा' अशा खुणा करत होत्या.

"खरं सांगू अण्णा? कळलं नाही. आवडलं, असंही म्हणवत नाही. पण तुमच्या हातांवरून नजर हटली नाही माझी."

अक्कांनी कपाळावर हात मारला. अण्णा मात्र हसले.

"सरी, सरी. आवडायलाच हवं असं कुठंय? पुढच्या वर्षीही या, तिथंच बसा. फक्त हात स्वल्प खिशात ठेवा."