दुसरी घागर

आमच्या घरात पेल्यातलं पाणी कधी स्थिर नसायचं. सुरतच्या उधना भागातलं आमचं घर आणि मागचा कापड विणायच्या लूमचा कारखाना यांच्यात भिंत एकच. तिकडे लूम सुरू झाले की इकडे पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची, मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागून कुरकुरायच्या आणि कॅलेंडर आपोआप तिरकं व्हायचं. पाहुणे विचारायचे, तुम्हाला झोप कशी लागते? आम्हाला उलट गावी गेलं की झोप लागत नसे.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, जरा आधी तो कारखाना हलला. बुडाला वगैरे नाही, शेठने मशिनं शहराबाहेर नव्या जागेत नेली. ट्रक आले, लूम गेले, कारागीर गेले, भिंत तेवढी राहिली. त्या संध्याकाळी मी पेल्यात पाणी ओतलं आणि ते नुसतं पडून राहिलं. मला ते मुळीच बरं वाटलं नाही. पण मी कॉलेजात इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवते. पाणी हललं नाही म्हणून घाबरणं मला शोभलं नसतं.

माझ्या वडिलांची, बापूंची, सगळी जवानी त्याच कारखान्यात गेली आणि कानही तिथेच गेले. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं कळतं. बाकीचं जग त्यांना जमिनीतून कळायचं. त्यांची खाट त्या भिंतीला टेकलेली होती आणि लूम चालू आहेत की बंद, हे ते झोपल्या झोपल्या पाठीने सांगायचे.

कारखाना गेल्यावर दोन-तीन दिवसांनी त्यांनी ताट बाजूला सारलं. माझ्या आईला, मायला, म्हणाले, "मरेल माणूसले भूक लागस का?"

माय हसली. मीही हसले. आमच्याकडे असली चेष्टा चालते. पण दुसऱ्या दिवशीही त्यांनी ताटाला हात लावला नाही. चहा पुढे केला तर विचारलं, "हाऊ चहा कोनासाठे?" आवाजात राग नाही, दुःख नाही. याचीच मला भीती वाटायला लागली. स्वच्छ धुतलेला पायजमा-सदरा घालून ते दिवसभर खाटेवर बसायचे. मी खोलीत गेले की पाय आखडून घ्यायचे, परक्या घरी आलेला माणूस घेतो तसे. डॉक्टर म्हणाले, कान सोडले तर बाकी ठणठणीत आहेत, दोन दिवसांत खातील. दोन दिवस गेले, ते नुसतं पाणी पीत होते.

मग ते ठोके सुरू झाले. मी दुपारी कॉलेजातून येऊन चपला काढत होते आणि आतून आवाज आला, ठक ठक. मग काही नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा ठक ठक. दारातून डोकावले तर बापूंच्या हातात त्यांचा जुना पाना. त्यांनी भिंतीवर दोन ठोके मारले, मग तळहात भिंतीवर सपाट ठेवला आणि डोळे मिटून थांबले. खूप वेळ थांबले. मग माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, घरात कोणी नाही असं दारावर आलेल्याला सांगावं तशी.

मी चिडले. चिडले की मला वर्गातलं सुचतं. त्यांच्यापुढे बसून, ओठ नीट हलवत, मी त्यांना माझं पुस्तकच ऐकवलं. म्हटलं, बापू, सगळ्यावर शंका घेता येते, पण ज्याला शंका येते तो तरी असतोच ना? तुम्ही हे बोलताय, म्हणजे तुम्ही आहात. माझी पोरं परीक्षेत हे पाच मार्कांना लिहितात. बापूंनी माझं सगळं लक्ष देऊन बघितलं आणि विचारलं, "मंग पल्याडतून जवाब काब्रं येत नही?"

कोणाचा जवाब आणि का येत नाही, तेच कळत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. माय डाळ निवडत होती, तिला त्या ठोक्यांचं विचारलं. तिने आधी मला उडवून लावलं, मग डाळीकडेच बघत सांगितलं.

लूमवर काम करताना ओरडून काही ऐकू जात नाही. म्हणून मधल्या रांगेपलीकडच्या जोडीदाराला विचारायचं असलं की लूमच्या लोखंडावर पान्याने दोन ठोके मारायचे. आहेस का? त्याने तसेच दोन मारले की समजायचं, आहे. ठोक्याचा हादरा हाताला कळतो, कान लागत नाहीत. प्लेगच्या साथीत सुरत रिकामी झाली तेव्हा मी लहान होते. मायला आणि मला बापूंनी गाडीत कोंबून खानदेशात पाठवलं आणि मशिनांवर लक्ष ठेवायला म्हणून स्वतः मागे राहिले. कारखान्यात आणखी एक जण राहिला होता, ओडिशाकडचा. तो भिंतीच्या पलीकडे झोपायचा, बापू अलीकडे. कोणी कोणाच्या जवळ जायचं नाही अशी सगळ्यांनाच धास्ती. म्हणून सकाळ-संध्याकाळ दोघं भिंतीवर ठोके मारायचे. आहेस का? आहे.

"मंग एक दिन जवाब उना नही," माय म्हणाली. बापू फिरून तिकडे गेले. अंथरूण नीट घातलेलं होतं, माणूस नव्हता. गेला, पळाला, कोणी उचलून नेला, शेवटपर्यंत कळलं नाही. विचारणार तरी कोणाला? त्याचं नावही बापूंना ठाऊक नव्हतं. लूमच्या आवाजात नावाने हाक मारतच नाहीत कोणी. आम्ही परत आलो तेव्हा बापूंनी मायला पहिली गोष्ट विचारली होती ती ही, की मी आणि तो, आमच्या दोघांतला नेमका कोण गेला?

पोरं मला दर वर्षी विचारतात, मॅडम, इतिहासाचा उपयोग काय, आणि मी दर वर्षी मलाच बेचव वाटणारं उत्तर देते. आता मला दिसत होतं की बापू वेडे झालेले नाहीत. ते प्लेगच्या त्या वर्षात उभे आहेत. लूम थांबलेत, गल्ली गप्प आहे, ठोक्याला उत्तर नाही. त्यांनी काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर होता, फक्त साल चुकलं होतं. आणि पुस्तकातला तो विचारवंत खोलीत एकटा बसून 'मी आहे' हे ठरवू शकतो, पण बापूंच्या जगात ते एकट्याने ठरत नाही, पलीकडच्याने सांगावं लागतं. पर्वत पाटियापासून हजिऱ्यापर्यंत या शहरात अशी किती माणसं असतील, ज्यांचं नाव शेजारच्याला ठाऊक नाही आणि ज्यांच्या असण्याची खूण म्हणजे शेजारचं मशीन. मशीन एका दुपारी ट्रकमध्ये चढवता येतं. त्या खुणेचं काय करायचं, हे ट्रकवाल्याला कोण विचारतं?

आखाजीच्या सकाळी बापू स्वतःच बाजारात जाऊन आले. आखाजीला आम्ही पितरांसाठी मातीची घागर पाण्याने भरतो, तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवतो, आणि पुरणपोळीचा घास विस्तवावर टाकतो. दरवर्षी घागर एक येते, आजोबांची. बापूंनी दोन आणल्या.

"दुसरी कोनी?" मायने विचारलं.

"मनी," बापू स्वतःच्या छातीवर बोट ठेवत म्हणाले. "भरी दे, म्हंजे मी मोकळा."

मायच्या हातातलं लाटणं खाली पडलं. पुरणाचा वास घरभर होता आणि ती तोंडात पदर कोंबून रडत होती. मला इतका संताप आला की काय करू सुचेना. शेवटी खलातला बत्ता उचलला आणि गल्लीला वळसा घालून मागे गेले.

कारखान्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत उजेड होता, पण तो कोणाच्या कामाचा नव्हता. जमिनीवर जिथे जिथे लूम होते तिथे तिथे तेलाचे काळे चौकोन, रांगेने, कबरी असाव्यात तसे. सुताचा भुगा जाळ्यांमध्ये लोंबत होता. माझ्या चपलांचा आवाज माझ्या मागून थोडा उशिरा येत होता. आमच्या बाजूची भिंत मी ओळखली. तिच्यावर खांद्याच्या उंचीला तेलकट पंजे उमटलेले होते, एकावर एक, किती जणांचे कोण जाणे. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि पलीकडून आवाज आला.

ठक ठक.

ते बापू आहेत हे मला माहीत होतं. तरी एक क्षणभर मला खरोखर सांगता आलं नसतं की जिवंत बाजू कोणती, त्यांची की माझी. मी बत्ता उचलून दोन ठोके मारले.

पलीकडे काहीच नाही. मग ठक ठक, घाईने. मी उत्तर दिलं. पुन्हा आले. पुन्हा दिलं. गिलाव्याचे पोपडे माझ्या केसांत पडत होते, मी रडत होते आणि मारत होते. आहे, आहे, बापू, आहे.

घरी परतले तेव्हा ते खाटेवरून उठून पाटावर बसले होते. दोन्ही घागरी पुढ्यात. माझ्या हातातल्या बत्त्याकडे त्यांनी बघितलं.

"तुना हात कच्चा शे," ते म्हणाले.

मला हसू आलं. त्यांनी तांब्या उचलला, पहिली घागर भरली आणि आजोबांचं नाव घेतलं. मग दुसरी जवळ ओढली. माय त्यांचा हात धरायला पुढे झाली.

"मनी नही," बापू भिंतीकडे बघत म्हणाले. "हाई तेनी."

ती घागर त्यांनी काठोकाठ भरली. आता नाव घ्यायचं होतं, आणि नाव तर नव्हतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग वाकले आणि घागरीच्या काठावर बोटाने दोन टिचक्या मारल्या. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. ती विरेपर्यंत बापूंनी तळहात घागरीला लावून ठेवला होता.

"चाला, जेवाले बठा," माय म्हणाली. आणि ते ताटावर बसले.