शिंक्यातलं कॉबलर

माझ्या सासरी गोड म्हणजे तीनच: पुरण, शिरा आणि बुंदी. चौथं काही जगात असू शकेल अशी शंका केनवडच्या त्या घराला कधी आली नव्हती. शंका यायला डोकं लागतं, आणि तिथे डोक्याचा उपयोग फेटा बांधण्यापुरताच होता. मी अकोल्याची, गृहविज्ञान घेऊन पदवीधर झालेली. लग्न जुळवताना ही पदवी त्या लोकांनी पोळ्याच्या बैलाच्या बेगडासारखी मिरवली. ‘आमची सून शिकेल हाय’ हे मामाजी, म्हणजे माझे सासरे, बसथांब्यावर अनोळखी माणसालाही सांगत. मांडव निघाला आणि पदवी माझ्या पेटीच्या तळाशी शालूखाली जाऊन पडली.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा रिसोडच्या मुलींच्या शाळेतून विचारणा आली. शिवण आणि स्वयंपाक शिकवायला बाई हवी होती, जूनपासून. ती नोकरी मला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून मी त्या घरात वेडी झाले असते. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “बाबाले इचार.” हे एवढं वाक्य तो आईच्या पोटातूनच पाठ करून आला असावा.

मामाजी ओट्यावर चार माणसांत बसले होते. निरोप गेला तसे ते मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आमच्या सुनेनं लोकाइच्या पोरीले रांधणं शिकवाचं म्हणते. अन् आमाले काय नवीन खाऊ घातलं तिनं आजलोक? मीनं जल्मात खाल्लं नाही असं काही करून दाखव म्हना. मले आवडलं तं जाजो म्हना खुशाल.” माणसं हसली. मी दाराआड उभी होते, मला मात्र हसू आलं नाही. चार माणसांत शब्द दिला गेला होता, आणि मामाजींना स्वतःच्या शब्दाचं बायकोपेक्षा जास्त कौतुक होतं. मी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला.

आता करायचं काय? त्या घरात काहीही करा, कोणीतरी म्हणणारच की आमची माय याच्यापेक्षा बरं करे. म्हणून मी असं शोधलं की जे त्यांच्या कोणाच्याच मायनं पाहिलं नव्हतं. माझा भाऊ फौजेत होता. मागच्या सुट्टीत त्यानं कॅन्टीनमधून पीचचे दोन डबे आणून दिले होते. पीच म्हणजे हिंदीवाल्यांचा आडू. पिवळा, मऊ, पाकात बुडवलेला. त्याचं पीच कॉबलर कॉलेजात आम्हाला एकदा बाईंनी करून दाखवलं होतं. खाली फळं, वर लोण्याच्या पिठाचे गोळे, आणि खालून-वरून आच. कॉलेजात त्याला विजेची भट्टी होती. केनवडला वीज होती ती मामाजींच्या रेडिओपुरती.

भट्टीची सोय मारुतीनं केली. त्याच्या नवसाचे रोडगे होते त्या दिवशी. अंगणात गोवऱ्यांचा हार पेटवून त्यात कणकेचे जाड गोळे भाजायचे ही आमच्याकडची रीत. रोडगे निघाले की तो धगधगता हार तसाच विझत पडतो. मी पितळी डब्याला आतून लोणी चोळलं, एका डब्यातल्या पीचच्या फोडी आणि थोडा पाक घातला, दालचिनी कुटून टाकली. मैद्यात लोणी चोळून, साखर आणि खायचा सोडा घालून ताकात सैल भिजवलं आणि त्याचे गोळे फळांवर एकाला एक लावून ठेवले. झाकण घातलं, डबा राखेत रुतवला आणि झाकणावर निखारे रचले.

हे चाललं असताना माझे धाकटे दीर बाजेवर पडून देखरेख करत होते. वाशिमच्या कॉलेजात ते इंग्रजीतच दोनदा गचकले होते, त्यामुळे घरातले इंग्रजीचे जाणकार तेच. “वहिनी, गोवरीच्या वासाचा केक करून राह्यली काय?” असं म्हणून ते स्वतःच हसले. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या जात्यासारख्या बसून वांगी चिरत होत्या, काही बोलल्या नाहीत. त्या कधीच काही बोलत नसत. त्या घरात बाईनं मुकं असणं हा दागिना मानत, आणि त्यांनी तो जन्मभर अंगावरून उतरवला नव्हता. मला तेव्हा त्यांचाही रागच यायचा.

झाकण काढलं तेव्हा वरचे गोळे फुगून एकमेकांना भिडले होते, बदामी झाले होते, आणि फटीफटीतून पिवळा पाक खदखदत होता. वास ओट्यापर्यंत गेला. रोडगे-वांग्यांनी गळ्यापर्यंत भरलेले मामाजी पुन्हा सरसावून बसले. पहिली वाटी त्यांनी संशयानं खाल्ली. दुसरी मागून घेतली. तिसरीच्या वेळी बोटानं वाटी पुसली आणि ते बोट मिशीसकट चोखलं. मग त्याच चार माणसांकडे पाहून म्हणाले, “जाजो वं बाई. जूनपासून जाजो.”

इथेच मी डबा उचलून आत गेले असते तर बरं झालं असतं. पण मामाजींना आता उद्या बसथांब्यावर सांगायला नाव हवं होतं. “याले म्हनते काय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कॉबलर.

दिरांचे कान उभे राहिले. दोन वर्षांत त्यांना पहिल्यांदाच इंग्रजीचं काम लागत होतं. धावत जाऊन त्यांनी शब्दकोश आणला, थुंकी लावून पानं उलटली आणि अंगणभर ऐकू जाईल असं वाचलं: “कॉबलर. जोडे सांधणारा, चांभार.”

मामाजींची वाटी हातातच राहिली. ओट्यावरची चार माणसं आकाशात ढग आहेत का ते पाहू लागली. “म्हंजे चांभाराच्या नावाचं खाऊ घातलं तू मले?” ते म्हणाले. मी म्हटलं, “नाव आहे नुसतं, मामाजी. केलं मी, तुमच्याच अंगणात.” पण ते उठले, न्हाणीत गेले आणि दोन तांबे पाण्यानं खळखळ चुळा भरल्या. त्यांना नक्की कुठला डाग धुवायचा होता देव जाणे. आपले करकरीत जोडे ते कुत्रा नेईल या भीतीनं खाटेखाली घेऊन झोपत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “तुमच्या खाटेखाली जे आहेत ते कोणी शिवले, मामाजी?”

सगळं तिथेच संपलं. “सुनेची जीभ लय चालते,” ते म्हणाले. “शाळेत कायले पाठवाची? खानं बाटलं तसा शब्दबी बाटला.” नवरा खाली पाहत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. उरलेला अर्धा डबा आत्याबाईंनी माझ्या हातातून ओढून घेतला. “म्हशीले टाकतो,” एवढंच म्हणाल्या आणि गोठ्याकडे गेल्या. मी रात्री जेवले नाही. कोणी विचारलंही नाही. माझी नोकरी गेली होती, आणि ती कशापायी गेली हे कोणाला सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर घोरत होतं. खोलीतला तांब्या जागेवर नव्हता, म्हणून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तिथे शिंक्याखाली मामाजी पाठमोरे उभे होते. टाचा उचललेल्या, एक हात शिंक्याच्या दोरीला, दुसरा पितळी डब्यात. मी भांडं मुद्दाम वाजवलं. ते वळले. मिशीला मैद्याचा चुरा होता, हनुवटीवरून पाक ओघळत होता. मला वाटलं, म्हशीच्या तोंडातून काढून यांनीच लपवून ठेवला असणार. दोन तांबे चुळा भरणारा माणूस.

त्यांनी डब्यातला हात काढून धोतराला पुसला. मग ते हळूच म्हणाले, “कोनाले सांगजो नोको.”

मी म्हटलं, “जूनपासून जाऊ?”

त्यांनी मान हलवली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. संध्याकाळी ओट्यावर त्यांनी जाहीर केलं की जमाना बदलून राह्यला, माणसानं मन मोठं ठेवावं. मी जूनपासून रिसोडला जाऊ लागले आणि तोंड बंद ठेवलं.

तीन-चार वर्षांनी मामाजी गेले. तेरवीला गोतावळा जमला आणि जो तो त्यांच्या मोठ्या मनाचे गोडवे गायला लागला. सुनेला नोकरी करू दिली, या खेड्यात, आमच्या जातीत. सर्वांत मोठा सूर दिरांचा. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. गेलेल्या माणसाला आवडायचं ते त्या दिवशी फोटोपुढच्या ताटात वाढतात. पुरणपोळी झाली, वडे झाले, कढी झाली. मी पहाटेच उठून पीचचा राखून ठेवलेला दुसरा डबा छिन्नीनं फोडला होता. पितळी डब्यातून एक वाटी काढली आणि ताटात ठेवली.

दिरांनी लगेच ओळखलं. “वहिनी, हे कायले? बाबानं याचा इटाळ मानला होता ना?”

“त्यांना आवडायचं,” मी म्हटलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नवरा पुन्हा अंगठ्यानं माती शोधू लागला, पण खाली फरशी होती. वाटी उचलायला दिरांनी हात पुढे केला.

तेवढ्यात आत्याबाई बोलल्या. कोपऱ्यात, पांढऱ्या कपाळानं, मान खाली घालूनच. “राहू दे ती वाटी. मले मालूम हाय.”

दिरांनी हात मागे घेतला. मी वळून पाहिलं.

“म्हशीले टाकतो म्हनलं ते मीनं,” त्या मला म्हणाल्या. “शिंक्यात ठेवलं, तेबी मीनंच. हे दुपारी कायले उठतेत ते चाळीस वर्सापासून पाहून राह्यली होती. अन् तुले तहान लागंन, तू तिथं येशीन म्हनून तुह्या खोलीतला तांब्या उचलून आनला होता.”