टेबल मी धरलं, कॉफी ह्यांनी आणली

सिंगापूरला जायचं ठरलं ते भांडणातून. मुलगी ऋचा तिकडे नोकरीला, "या, या" करून दमली होती. पण गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. हातपाय सावरले, बोलणं मात्र अडकायला लागलं. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा. आता शब्द सापडेना की गप्प. दुकानात जाणं बंद, फोन घेणं बंद. "मी ये... येऊन काय करू?" म्हणाले. "माझ्या बॅगा उचला," म्हटलं आणि तिकिटं काढली. हा माणूस असाच मुका होत जाईल, याची मला फार भीती वाटत होती.

जाणाऱ्यांसाठी सांगते, व्हिसा एजंटकडून करून घ्यावा लागतो आणि अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे. तिथल्या विमानतळावर पासपोर्ट यंत्रावर ठेवला की फाटक उघडतं, कुणाशी बोलावं लागत नाही. ह्यांना तेवढ्यानेच हायसं वाटलं. बाहेर पडलो आणि इडलीपात्राचं झाकण काढावं तशी वाफ अंगावर आली. सुती कपडे न्या, आणि एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, गारठा असतो म्हणून एक ओढणीही. आंग मो किओला ऋचाच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत मी तीनदा घामाने भिजले आणि दोनदा कुडकुडले.

दुसऱ्या दिवशी ऋचा पाया लेबारला ऑफिसात गेली. आम्ही दोघं नाश्त्याला इमारतीजवळच्या हॉकर सेंटरमध्ये. छपराखाली चाळीसेक खाण्याचे गाळे, मध्ये टेबलं, आणि ही गर्दी. ऋचाने बजावलं होतं, "आई, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि खुशाल उठून जायचं. कुणी बसत नाही."

मी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांतली. रुमालावर बसलेल्यांशी भांडलेलीही आहे. पाकिटावर कोण विश्वास ठेवणार? पाकीट ठेवलं आणि वर मीही बसले. मग लक्षात आलं, आता कॉफी आणायला ह्यांनाच जावं लागणार.

एक कबूल करते. वर्षभर ह्यांचं प्रत्येक वाक्य मी पूर्ण करत होते. "मला..." म्हणाले की "पाणी ना?" मी. तेव्हाही उठून धावणारच होते, पण टेबल सोडवेना. हे रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला. मला लांबून फक्त ओठ हलताना दिसत होते.

परत आले ते ट्रेमध्ये दोन काळ्याभोर कॉफ्या घेऊन.

"दूध कुठंय?" मी.

"मी म्हटलं, कॉफी. मग ओ... ओन्ली टू म्हणायचं होतं. ते ओ... ओवरच अडकलं. दोन बोटं दाखवली." ते थांबले. मी जीभ दाताखाली धरून बसले. "गाळ्यावरची बाई म्हणाली, कोपी-ओ, टू, कॅन."

ऋचाला फोन केला तर ती हसतच सुटली. दूध नसलेल्या, साखर घातलेल्या कॉफीला तिकडे कोपी-ओच म्हणतात, आणि 'कॅन' म्हणजे 'हो, होईल'. ह्यांनी नकळत अस्सल तिथल्यासारखी ऑर्डर दिली होती. "मागचे लोक... उभे होते," हे म्हणाले. "कुणी... चुकचुकलं नाही." ती कडू-गोड कॉफी ह्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. माझे डोळे भरून आले, ते मी त्याच टिश्यूने पुसले.

पुढचे चार दिवस ऑर्डर ह्यांची. त्या शहरात दोन शब्दांत काम भागतं. बोटॅनिक गार्डनला निघालो तेव्हा बसमध्ये ह्यांनी "गार्डन?" एवढंच विचारलं. "कॅन, अंकल," ड्रायव्हर म्हणाला. बाग फुकट आहे, सकाळी आठच्या आत जा, नंतर उन्हाने जीव जातो. बँकेचं कार्ड टेकवून बस आणि एमआरटी दोन्ही चालतात. शाकाहारी थाळी पाच-सहा डॉलरांत होते, आणि खाऊन झालं की ट्रे आपला आपणच नेऊन ठेवायचा.

पुण्याला परतून आठवडा झाला. उंच इमारती, रोषणाई सगळं फोटोत आहे. त्या कॉफीवाल्या बाईचं नावही मला ठाऊक नाही, पण तिचे उपकार मी विसरणार नाही.

काल आम्ही मंडईत गेलो. हे भाजीवाल्यासमोर उभे राहिले आणि अडकले. "काका, मेथी ना? कोथिंबीर?" तो घाई करायला लागला. माझ्याही तोंडात शब्द आले होते. गिळले.

"थांबा जरा," मी त्याला म्हटलं, "बोलतायत ते."

मी आणि भाजीवाला, दोघंही थांबलो. मागे एक बाई पिशवी घेऊन ताटकळत होती, तीही थांबली.

"कारली," हे म्हणाले. "हिला... आवडत नाहीत. म्हणून... अर्धा किलो द्या."

भाजीवाला हसला. मी घरी येऊन कारल्याची भाजी केली आणि दोनदा वाढून घेतली.