भिंतीवरची गोरी आणि आमची सिंधू

भिलाईत तेव्हा प्लांट उभा राहत होता, सेक्टरात क्वार्टर उभे राहत होते आणि आमच्या लाइनीतल्या बायका सकाळ-संध्याकाळ नळावर उभ्या! पाण्याची धार बारीक. एक बादली भरेपर्यंत एक किस्सा सहज व्हायचा. असे इतके साचलेत की कुठला सांगू न् कुठला नको. आज सांगते ते सगळे एकाच भिंतीचे आहेत.

*

ती भिंत नळासमोरच्या किराणा दुकानाची. एका सकाळी तिथं शिडी लावून पेंटर आला आणि संध्याकाळपर्यंत त्यानं नुसता एक हात रंगवला. आमच्या दारापेक्षा लांब! मग मान आली, कंबर आली, शेवटी चेहरा. हातात गोरं करणाऱ्या क्रीमची डबी, जाहिरात होती ती. आम्ही भंडाऱ्याकडच्या, असली बाई जन्मात पाहिली नव्हती. मी बघतच राहिले आणि माझी बादली भरून वाहू लागली.

शेजारच्या कमलाकाकू आमच्या लाइनीत सगळ्यांत वडील. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "काय व माय! इची कंबर तं पाह्य. जेवण जाते कुठून इच्या पोटात?"

*

काकूंनी तिला चांगलं आठवडाभर न्याहाळलं. मग एक दिवस एकदम ओरडल्या, "इच्या दंडावर देवी टोचल्याचा डागच नाही!"

आम्ही सगळ्यांनी आपापले दंड पाहिले. प्रत्येकीला डाग होता. मग आमचा शोधच सुरू झाला. फोडणीचा चटका नाही, बांगडी फुटल्याचा ओरखडा नाही, गळ्याला घामोळं नाही. एवढी मोठी बाई आणि अंगावर काही घडल्याची एक खूण नाही! मला अचंबा वाटला आणि खरं सांगते, थोडी भीतीही वाटली.

"इले आजपर्यंत काहीच कावून नाही झालं?" काकूंनी विचारलं. असं का, ते शोधायला त्या पुन्हा तिचा दंड न्याहाळू लागल्या.

*

जवळच्या कोहका गावच्या रेजा, म्हणजे बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायका, तिथूनच कामावर जायच्या. त्यांतली एक रोज थांबून बघायची. एकदा तिनं भिंतीवरच्या हाताशेजारी आपला हात धरला आणि खो खो हसत सुटली. "ए हाथ ले काय बुता होही!" या हातानं कसलं काम होणार, असं तिचं म्हणणं!

रिकामं घमेलं डोक्यावर ठेवून ती निघून गेली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. तसली ताठ पाठ पेंटरलाही जमली नव्हती.

*

माझी नणंद सिंधू रंगानं सावळी. दोन ठिकाणांहून 'पोरगी काळी आहे' म्हणून नकार आलेला, आणि आता गोंदियाचं स्थळ बघायला येणार होतं. हेही मोडलं तर पुढं कोण विचारणार, या धास्तीनं माझ्या सासूबाईंचं जेवण सुटलं होतं. मी गुपचूप क्रीमची डबी आणली.

सिंधू दुपारी तोंडभर क्रीम चोपडून अंगणात बसली. त्यात वारा सुटला. समोरच्या रस्त्यावर मुरूम पडत होता, ती सगळी लाल धूळ क्रीमवर येऊन बसली. काकू बादली घेऊन निघाल्या होत्या, त्या जागीच थबकल्या.

मला म्हणाल्या, "काय व माय! पोरीचा चेहरा सारवून राहिली का तू?"

सिंधूच सगळ्यांत जास्त हसली. पण डबीला तिनं पुन्हा हात लावला नाही.

*

पाहुण्यांना पत्ता सांगितला होता, 'क्रीमवाल्या बाईच्या समोरची लाइन.' पण तोवर प्लांटची भट्टी पेटली होती आणि तिची काजळी बसून बसून ती बाई सिंधूपेक्षा काळी झाली होती! काकू खूश. "आधी इले पाहू द्या. मंग आपली सिंधू कशी उजळ दिसन!"

आणि नेमका त्याच सकाळी पेंटर बादली-फडकं घेऊन भिंत धुवायला आला. काकूंनी शिडीच धरून ठेवली. "भैया, आज मत धो! हमारी लडकी को देखने आ रहे!"

घरातून सिंधूनं ते ऐकलं. नवं पातळ नेसलेली तशीच ती बाहेर आली आणि तिनं पेंटरच्या हातातलं फडकं घेतलं.

"इच्याहून गोरं नाही दिसायचं मले, काकू. मी जशी आहो तशीच दिसीन."

आणि पदर खोचून शिडी चढली! काजळीखालून कपाळ निघालं, डोळे निघाले. आम्ही सगळ्या माना वर करून बघतोय. 

एवढ्यात खाली एक घामाघूम बाई येऊन उभी राहिली. मागं तिचा मुलगा, हातात पिशवी.

"बाई, ते क्रीमवाली बाई कुठं हाये? दोन चकरा मारल्या आमी."

सिंधूनं वरूनच सांगितलं, "हेच हाये ते. अन् तुमी जिले पाहाले आल्या, ते मी. जरा थांबा, इचं नाक राहिलं."

 त्या बाईंनी सिंधूकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. मग पदर खोचला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"सावकाश पूस व पोरी. शिडी हालून राहिली!"